हेडसेट मुलाला नाही, आईबाबांना

आमच्या सोनूच्या एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता या त्रासासाठी, व्हीआरचं, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून दिसणाऱ्या आभासी जगातलं, ट्रेनिंग घेतोय असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "एवढ्या लहान मुलाच्या डोळ्यांना ते चालतं का?" मग सांगावं लागतं की सोनूने हेडसेट घातलेलाच नाही. तो आम्ही घातला, मी आणि त्याच्या आईने. मुलगा ऐकत नाही, बूट भिरकावतो, दुकानात फतकल मारून बसतो, अशा वेळी आपण काय बोलायचं, किती बोलायचं आणि कधी गप्प राहायचं, याची तालीम आईबाबांना आधीच करता यावी यासाठी हे ट्रेनिंग असतं. पुण्या-साताऱ्याकडची मित्रमंडळी याबद्दल वारंवार विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आम्ही नेदरलँड्समध्ये ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या ॲमस्टलव्हेनला राहतो. इथे भारतीय कुटुंबं बरीच आहेत, त्यामुळे मराठी कानावर पडतं. सोनू सात वर्षांचा आहे. वर्गात तो सतत उठतो, दुसऱ्याचं बोलणं पुरं होऊ देत नाही, दप्तरातल्या निम्म्या वस्तू कुठेतरी विसरून येतो, हे आधी त्याच्या युफने, म्हणजे वर्गशिक्षिकेने, आम्हाला बोलावून सांगितलं. तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. तिने वहीत तारीखवार नोंदी ठेवल्या होत्या आणि आम्ही फॅमिली डॉक्टरांकडे जावं असं सुचवलं. इथे २०१५ पासून मुलांच्या मानसिक आरोग्याच्या उपचारांची जबाबदारी नगरपालिकांकडे आहे. डॉक्टरांची चिठ्ठी घ्यायची आणि रांगेत थांबायचं. रांग लांब होती. त्या काळाबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही, वाट पाहिली एवढंच.

निदान कुठल्या रक्ततपासणीवर किंवा मेंदूच्या फोटोवर होत नाही. मी एक प्रश्नावली भरली, सोनूच्या आईने वेगळी भरली, युफने तिसरी. लक्षणं सहा महिन्यांहून जास्त काळ दिसायला हवीत, बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेली हवीत, आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. फक्त घरी गोंधळ आणि शाळेत शहाणा असेल तर कारण बहुतेक दुसरीकडे शोधावं लागतं. सोनूचा गोंधळ दोन्हीकडे सारखाच होता.

हे सगळं चालू असताना साताऱ्याहून आई फोनवर म्हणाली, "अरे, तूही असाच होतास. चौथीपर्यंत एका जागी बसला असशील तर शपथ." तिला म्हणायचं होतं की यात काही विशेष नाही. मी ते सहज डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी लगेच लिहून घेतलं. जुळ्या मुलांवर झालेल्या अभ्यासांतून एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७४ टक्के निघतो, असं त्यांनी सांगितलं. ते ऐकून सोनूच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं तिने नातेवाइकांकडून "लाडावून ठेवलंय", "जरा धाक हवा", "मोबाइल दिलात त्याचं हे फळ" असंच ऐकलं होतं. आईबाबांच्या वागण्यातून एडीएचडी उपजत नाही, हे कुणीतरी अधिकाराने सांगायला हवं होतं.

मग आईबाबांना ट्रेनिंग कशासाठी, हा प्रश्न आम्हीच विचारला. त्यावर डॉक्टरांनी अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेतलं २००७ चं काम सांगितलं. फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या मेंदूचे वर्षानुवर्षं फोटो काढले. मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी इतर मुलांमध्ये साधारण साडेसात वर्षांच्या वयात शिखर गाठते, एडीएचडीच्या मुलांमध्ये साडेदहाच्या आसपास. वाढ त्याच क्रमाने होते, पण उशिरा, आणि सगळ्यात जास्त उशीर लागतो तो लक्ष टिकवणाऱ्या, हालचालींना आवर घालणाऱ्या पुढच्या भागांना. म्हणजे सात वर्षांच्या मुलाकडून आपण सात वर्षांच्या संयमाची अपेक्षा धरतो आणि त्याच्याकडे तेवढा तयार झालेलाच नसतो. तो तयार होईपर्यंत बाहेरून आधार द्यायचा: सूचना छोटी, जवळून, आणि शाबासकी लगेच. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आधी पालकांचं ट्रेनिंग, त्यानंतरच्या वयात औषधाच्या जोडीने ट्रेनिंग. सोनू सात वर्षांचा असला तरी इथे आमच्याकडे सुरुवात नुसत्या ट्रेनिंगनेच झाली.

सुरुवातीचे वर्ग साध्या खोलीत होते, कागद-पेन्सिल घेऊन. त्यातली एक आकृती मला फार पटली. ओरेगनमधले मानसशास्त्रज्ञ जेरल्ड पॅटरसन यांनी घरातल्या भांडणाचं एक चक्र मांडलं होतं. आई सांगते, मूल कुरकुरतं. आई आवाज चढवते, मूल थयथयाट करतं. आई कंटाळून सोडून देते. त्या क्षणी दोघांनाही हायसं वाटतं, आणि नेमकं तेच घातक ठरतं. मूल शिकतं की थयथयाट केला की काम टळतं. आई शिकते की सोडून दिलं की शांतता मिळते. पुढच्या वेळी दोघंही त्याच रस्त्याने आणखी लवकर जातात. यात कुणी दुष्ट नाही की कुणी नालायक नाही. घरोघरी हे चालतं, एडीएचडीच्या घरात दिवसातून कितीतरी वेळा चालतं.

कागदावर हे पटतं. पण सकाळी आठ वाजता, एक बूट सापडत नाही, सायकल बाहेर काढून ठेवलीय, पाऊस लागलाय आणि सोनू सोफ्यामागे लपलाय, तेव्हा कागद आठवत नाही. आमच्या ट्रेनर बाईंना हे नेमकं ठाऊक होतं. एका संशोधनाचा भाग म्हणून ज्या पालकांची तयारी असेल त्यांना व्हीआरमध्ये सराव देणार आहोत, असं त्यांनी सांगितलं. संमतिपत्रावर सह्या केल्या आणि आम्ही त्यात दाखल झालो.

खोली छोटी, मध्ये मोकळी जागा, कोपऱ्यात टेबल, त्यावर लॅपटॉप आणि मायक्रोफोन. हेडसेट डोक्यावर घट्ट बसवला, भिंगांमधलं अंतर डोळ्यांनुसार जुळवलं. मळमळलं तर लगेच सांगा, असं बजावलं. आधी रिकाम्या खोलीत नुसतं चालायला लावलं. मग एकदम स्वयंपाकघर उभं राहिलं. डच घरांत असतं तसं अरुंद, खिडकीत कुंडी, टेबलावर दुधाचा ग्लास. टेबलाशी निळा स्वेटर घातलेला सात-आठ वर्षांचा मुलगा टॅब्लेट घेऊन बसलेला. चेहरा चित्रातला आहे हे कळतं, त्यात काही फसवेगिरी नाही. पण तो मान वर न करता "हंऽऽ" म्हणाला आणि माझे खांदे आपोआप ताठ झाले.

तो "हंऽऽ" ट्रेनर बाईंचा होता. त्या मायक्रोफोनमध्ये बोलतात आणि मला लहान मुलाच्या आवाजात ऐकू येतं. मुलाने रागवायचं की रडायचं, उठून जायचं की ऐकायचं, हे त्या लॅपटॉपवरून ठरवतात. नेदरलँड्समध्ये न्यायवैद्यक मनोरुग्णालयांत, म्हणजे गुन्हा केलेल्या मनोरुग्णांच्या रुग्णालयांत, रागावर ताबा मिळवायला शिकवण्यासाठी याच तऱ्हेचा सराव वापरून पाहिलेला आहे. समोरचं पात्र माणूस चालवतो, त्यामुळे प्रसंग तुमच्या कुवतीप्रमाणे सोपा किंवा अवघड करता येतो.

"कुठल्या भाषेत बोलू?" मी विचारलं. "घरी बोलता त्याच," त्या म्हणाल्या. त्यांना मराठीचं एक अक्षर कळत नाही.

मी सुरू केलं. "अरे बाळा, टॅब ठेवतोस का आता? किती वेळ झाला बघ. काल पण असंच उशीर झाला ना? युफ काय म्हणाली होती? चल बरं, बूट घाल, आणि ती बाटली घे." निळ्या स्वेटरवाला ढिम्म हलला नाही. ट्रेनर बाईंनी चित्र थांबवलं, हेडसेट काढायला सांगितला आणि समोर कागद ठेवला. शब्द कळत नसल्यामुळे त्यांनी नुसत्या रेघा मारल्या होत्या. प्रत्येक वाक्याला एक रेघ, आवाज शेवटी वर गेला तिथे प्रश्नचिन्ह. कागदावर रेघांची रांग होती आणि बऱ्याचशा रेघांना प्रश्नचिन्ह. "यातलं त्याने नेमकं काय करायचं?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्गांमध्ये ऐकलेली गोष्ट त्या कागदाने एका मिनिटात दाखवली.

पुन्हा हेडसेट. या वेळी चार पावलं चालून त्याच्याजवळ जायचं. गुडघ्यावर बसायचं, म्हणजे त्याचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोर येतो. नाव घ्यायचं. मग एकच वाक्य, प्रश्न न करता: "सोनू, टॅब टेबलावर ठेव." आणि गप्प. पाच सेकंद गप्प.

हे पाच सेकंद ज्याने पाळले नाहीत त्याला ते किती लांब असतात याची कल्पना येणार नाही. जीभ वळवळते. आणखी एक "ऐकलंस का?" अगदी ओठांवर येतं. पण ते वाक्य बाहेर पडलं की मुलाच्या डोक्यात आधीची सूचना पुसली जाते आणि मोजणी पहिल्यापासून सुरू होते. मी दात आवळून थांबलो. मुलाने टॅब ठेवला. आता लगेच, काही सेकंदांच्या आत, नेमकी शाबासकी: "सांगितल्याबरोबर टॅब ठेवलास, छान केलंस." नुसतं "शहाणा मुलगा" चालत नाही, काय केलं ते नाव घेऊन सांगायचं.

इथे आमची गाडी खरी अडली. तोंडावर कौतुक करायची आपल्याकडे सवय नसते. माझ्या वडिलांनी माझं कौतुक केलं ते शेजाऱ्यांकडे, मला ते शेजाऱ्यांकडून कळलं. "फार चढवून ठेवू नका, डोक्यावर बसेल" हे तर बाळकडूच. सोनूच्या आईला शाबासकी देताना आवाज खोटा वाटायचा. ट्रेनर बाईंनी तिच्याकडून ती वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणवून घेतली, मुलगा बदलून, प्रसंग बदलून, इतक्यांदा की नंतर ती वाक्यं तिच्या नेहमीच्या आवाजात यायला लागली. खऱ्या मुलासमोर हा सराव करता आला नसता. मूल लगेच ओळखतं की आईबाबा काहीतरी पाठ केलेलं म्हणतायत.

नंतर सुपरमार्केट आलं. बिलाच्या रांगेत चॉकलेटचा स्टँड, मुलगा चॉकलेट मागतो, नाही म्हटलं की खाली बसून किंचाळतो. रांगेतली एक बाई मान वळवून बघते. हातावर घाम, छातीत धडधड, सगळं खरं. हे ट्रेनर बाईंनी आधीच समजावलं होतं: ज्या हट्टाला आजवर फळ मिळत आलंय त्याकडे दुर्लक्ष करायला लागलात की हट्ट आधी वाढतो, मग ओसरतो. वाढलेल्या टोकाला तुम्ही चॉकलेट दिलंत तर तो शिकतो की आधीपेक्षा मोठ्याने किंचाळायला हवं. म्हणून टोकाच्या क्षणी टिकून राहण्याचा सराव सगळ्यात मोलाचा, आणि भर दुकानात सराव म्हणून मुलाला कोणी किंचाळू देणार नाही.

माझं लक्ष मुलावर होतं. सोनूच्या आईचं मात्र त्या वळून बघणाऱ्या बाईवर खिळलं. परक्या देशात, आपलं रडणारं मूल, आणि सगळ्यांच्या नजरा. हेडसेट काढल्यावर ती म्हणाली, "मी चॉकलेट देते ते सोनूसाठी नाही, त्या बायकांसाठी देते." ट्रेनर बाईंनी मग तिच्यासाठी प्रसंगच बदलला. मुलगा शांत ठेवला आणि फक्त लोक वाढवले. कोणी उसासा टाकतंय, कोणी घड्याळ बघतंय, एकाने डचमध्ये काहीतरी पुटपुटलं. तिने काहीही करायचं नाही, मुलाच्या शेजारी उभं राहायचं आणि श्वास सावकाश घ्यायचा. नंतर हळूहळू मुलाचं रडणं त्यात मिसळलं. आम्हा दोघांना दोन वेगळ्या गोष्टी शिकायच्या होत्या हे कागदावरच्या वर्गांत कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

शेवटच्या टप्प्यात आम्हाला मुलाच्या जागी बसवलं. यामागे बार्सिलोनाचे व्हीआर संशोधक मेल स्लेटर यांच्या गटाचं काम आहे. त्यांनी २०१३ मध्ये दाखवलं की मोठ्या माणसाला व्हीआरमध्ये चार वर्षांच्या मुलाचं शरीर दिलं की त्याला वस्तू मोठ्या दिसायला लागतात. २०१८ मध्ये त्यांनीच आयांना मुलाच्या शरीरात बसवून समोरच्या आभासी आईकडून प्रेमळ आणि तुसडी अशी दोन्ही वागणूक अनुभवायला लावली होती. आमच्या इथे त्याचं साधं रूप होतं. टेबलाची कड हनुवटीशी आली, दाराची मूठ खांद्यावर गेली. समोर एक उंच माणूस उभा, आणि त्याच्या तोंडून माझंच सुरुवातीचं ध्वनिमुद्रित बोलणं: "अरे बाळा, टॅब ठेवतोस का आता? किती वेळ झाला बघ..." मी रागावलो नव्हतो, आवाज चांगला होता. पण बाटलीपर्यंत येता येता टॅबचं काय करायचं होतं ते कानांतून निघून गेलं होतं. मग दुसरं ध्वनिमुद्रण, जवळून, एका वाक्याचं. फरक इतका ढळढळीत होता की ट्रेनर बाईंनी त्यावर काही चर्चाच केली नाही, घरचा अभ्यास दिला आणि आम्हाला सोडलं.

खरं काम तो घरचा अभ्यासच. फ्रिजवर एक बरणी ठेवली. सांगितल्याबरोबर काम केलं की लगेच त्यात एक मणी, संध्याकाळी मण्यांच्या बदल्यात गोष्ट किंवा सायकलची फेरी. "आठवडाभर नीट वागलास तर रविवारी" हे एडीएचडीच्या मुलाला लागू पडत नाही, रविवार त्याच्यासाठी फार दूर असतो. रोज थोडा वेळ सोनू म्हणेल तो खेळ, त्यात आम्ही सूचना द्यायची नाही, प्रश्न विचारायचा नाही. सोनूने हेडसेट मागून पाहिलाच. ट्रेनर बाईंनी नाही म्हटलं. मेटा कंपनी आपल्या क्वेस्ट हेडसेटसाठी किमान वय १० ठेवते, आणि तसंही त्यात त्याच्यासाठी काही नव्हतं.

सकाळ सुधारली. बूट, दप्तर, दार हे आता रडारडीशिवाय होतं. दुकानात अजून एखाद्या वेळी बसकण मारतो, पण लवकर उठतो. वस्तू हरवणं तसंच आहे. गृहपाठाला बसला की दोन ओळींनंतर खिडकीकडे बघणं तसंच आहे. हे अपेक्षितच होतं. १९९९ साली अमेरिकेत एमटीए नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, ५७९ मुलं, १४ महिने उपचार. लक्ष आणि चंचलता या मूळ लक्षणांवर काटेकोरपणे दिलेल्या औषधाचा परिणाम नुसत्या वर्तनोपचारापेक्षा, म्हणजे पालकांच्या ट्रेनिंगसारख्या उपायांपेक्षा, जास्त दिसला होता. पालकांच्या ट्रेनिंगने घरातली भांडणं कमी होतात, मुलाचं आणि आपलं नातं सावरतं. तेवढ्यासाठीही ते करावं असं माझं ठाम मत आहे. पण त्याने लक्ष लागेल असं सांगून कुणी पैसे मागत असेल तर दारातून परत फिरा.

व्हीआरबद्दलही तसंच. पालकांच्या ट्रेनिंगमागे काही दशकांचं संशोधन आहे, त्याला व्हीआरची जोड देण्याचं काम मात्र अजून कोवळं आहे. हेडसेट विकत घेऊन उपयोग नाही, कारण यात शिकवतो तो मायक्रोफोनवरचा माणूस. कधी थांबवायचं, कधी अवघड करायचं, कुणाला मूल जड जातंय आणि कुणाला लोकांच्या नजरा, हे त्याला दिसतं. जिथे अशी सोय नाही तिथे नवरा-बायकोने आळीपाळीने मूल व्हावं. आम्ही ते आधी करून पाहिलं होतं. अडचण इतकीच की नवरा सोफ्यामागे लपला की बायकोला हसू आवरत नाही आणि धडधड काही होत नाही. तरी एक वाक्य आणि पाच सेकंद एवढं तर त्यातूनही पक्कं होतं. तिसऱ्या कुणाला तरी रेघा मारायला बसवा, त्याला मराठी येत असेल तरी चालेल.

आता आजी-आजोबांची पाळी आहे. डिसेंबरच्या सुट्टीत साताऱ्याला जायचंय, आणि तिथे मण्यांची बरणी एक आणि आजीच्या डब्यातली वडी दुसरी, असं चाललं तर सोनूचा गोंधळ होईल. आईशी व्हिडिओ कॉलवर बोलणं सुरू केलंय. ती म्हणते, "मी त्याला कशाला मोजून माया करू?" मी तिला सांगितलं, माया मोजू नकोस, फक्त रडून मागितलं तर वडी देऊ नकोस, आणि शांतपणे मागितलं की लगेच दे. हे तिला पटलं. आजोबा अजून "एक धपाटा पुरे" यावर आहेत.

त्याआधी डॉक्टरांची भेट आहे. गृहपाठाचं आणि वर्गातलं काय, औषध सुरू करायचं का, हे तिथे बोलायचंय. युफही येणार आहे, तिची तारखांची वही घेऊन.